शब्दचर्चा : 'व्यस्त वर्ग' आणि 'ग्रहापासून'

(फोंडा)
मुलगी नववीत आहे. शाळा इंग्रजीतून, घरात मराठी. गुरुत्वाकर्षणाचा धडा मराठीत सांगावा म्हणून जुनं पुस्तक काढलं. बल ग्रहापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हे वाचून ती म्हणते, "व्यस्त म्हणजे बिझी ना? बल कशात बिझी आहे?" हा शब्द इथे कसा आला, आणि सरळ 'उलट प्रमाण' म्हटलं तर काय बिघडतं? दुसरं म्हणजे, ग्रहापासून २०० किलोमीटरवरून ४०० वर गेलं की ओढ पावपट होते, असं मी तिला सांगितलं आहे. पुस्तकातल्या वाक्याचा अर्थ तर तसाच लागतो.

(म्हापसा)
बिझी या अर्थाचा 'व्यस्त' आपल्याकडे हिंदीतून, बातम्या-जाहिरातींच्या वाटेने आला. मराठी माणूस कामात असतो, गडबडीत असतो. गोव्यातला तर सरळ बिझीच असतो. गणितातला 'व्यस्त' पुष्कळ जुना. संस्कृतात 'अस्' म्हणजे फेकणे, त्याला 'वि' लागून व्यस्त : सुटं केलेलं, विस्कटलेलं, आणि त्यावरून उलटलेलं. 'अस्ताव्यस्त'मध्ये तो अजून नांदतोय. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे बाराव्या शतकात, व्यस्त त्रैराशिक आहे : इच्छा (म्हणजे विचारलेली रास) वाढली की फल (म्हणजे उत्तर) घटतं, ती घटली की फल वाढतं. पृथ्वीच्या आकृष्टिशक्तीचा उल्लेखही भास्कराचार्यांनी केलाय, पण त्या शक्तीला अंतराचा हिशेब जोडला न्यूटनने, १६८७ साली.

'उलट प्रमाण' चुकीचं नाही. पण बोलता बोलता 'प्रमाण' गळतं आणि 'बल उलट होतं' एवढंच उरतं. मुलांना मग ते ढकलणारं वाटतं. शाळेत 'व्यस्त' ठेवावा, घरी 'अंतर वाढलं की ओढ घटते' म्हणावं. किती घटते, ते 'वर्ग' सांगतो.

(मडगाव)
मी भौतिकशास्त्र शिकवते. व्यस्त म्हणा, उलट म्हणा, मेख 'ग्रहापासून'मध्ये आहे. आपण दोनापावलापासून, मांडवी पुलापासून म्हणतो, तेव्हा त्या जागेच्या कडेपासून मोजतो. या नियमात मात्र अंतर ग्रहाच्या केंद्रापासून धरायचं. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७१ किलोमीटर. म्हणजे २०० किलोमीटर उंचीवरचं अंतर ६५७१, आणि ४०० वरचं ६७७१. उंची दुप्पट झाली, अंतर जेमतेम ३ टक्क्यांनी वाढलं. पृष्ठभागावरची ओढ १०० धरली, तर २०० किलोमीटरवर ती ९४ आणि ४०० वर साधारण ८९. पावपट व्हायला आणखी ६३७१ किलोमीटर वर चढावं लागेल, कारण तिथे केंद्रापासूनचं अंतर दुप्पट होतं. तेवढा उंच मनोरा बांधून वर स्प्रिंगचा काटा ठेवला, तर ६० किलोचा माणूस त्यावर १५ भरेल. वस्तुमान अर्थातच ६० च.

गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सत्तरीतलं सोंसोगड. तिथे त्याच माणसाचं वजन २० ग्रॅमच्या आसपास घटेल, तेही पायाखालच्या डोंगराची ओढ हिशेबात न धरता. चढताना गळलेला घाम याहून जास्त भरेल. म्हणून 'उंची' आणि 'अंतर' हे दोन शब्द मी फळ्यावर वेगवेगळ्या रंगांत लिहिते.

(फोंडा)
म्हणजे अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवर असूनही ओढ ८९ टक्के? मग पेपरात 'शून्य गुरुत्वाकर्षण' काय म्हणून छापतात?

(मडगाव)
सवयीने. 'गुरुत्वाकर्षणाच्या कक्षेबाहेर गेले' हे तर त्याहून वाईट, कारण ते कक्षेतच असतात आणि कक्षा गुरुत्वाकर्षणामुळेच टिकते. स्थानक आणि आतली माणसं एकत्र, सतत पडत असतात. पायाखालची जमीनही सोबत पडतेय, मग पाय कशावर टेकणार? 'भारहीन' म्हणा, ते बरोबर आहे. ओढ कुठेच शून्य होत नाही. चंद्र सुमारे ६० पृथ्वीत्रिज्या दूर आहे. तिथे ती ३६०० पट कमी, तरी चंद्राला धरून ठेवायला पुरते.

(चोडण)
यात भरतीची भर घालतो. आमच्या खाजनाची (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीची) मानस, म्हणजे बांधातली दारांची मोरी, पाण्यावर चालते : भरतीचा दाब आला की दारं मिटतात, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघडून आतलं पाणी नदीत जातं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे लहान भरती. वडील सगळं चंद्रावर मोजायचे. मी शाळेत विचारलं होतं, सूर्य एवढा मोठा, मग त्याचं का चालत नाही? उत्तर मिळालं, तो लांब आहे. ते अर्धंच. पृथ्वीला सूर्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ १८० पट आहे! पण भरती एकूण ओढीने येत नाही. पृथ्वीच्या जवळच्या आणि पलीकडच्या बाजूंवरच्या ओढींत जो फरक पडतो, त्याने येते. तो फरक अंतराच्या वर्गाच्या नव्हे, घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. घनाने भागल्यावर सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहूनही कमी उरतो. दोघे एका रेषेत आले की उधाण, काटकोनात असले की भांग.

(म्हापसा)
'सुकती' आमच्याकडेही, 'ओहोटी' पुस्तकात. 'व्यस्त घन' मात्र शाळेत कुणी कानावर घातला नव्हता.