घरपट्टीतला शिक्षण कर आणि शाळेचं वीजबिल

घरपट्टीत शिक्षण कर भरूनही सरकारी शाळांची अशी दशा का, असं अनेक जण विचारतात. त्या बिलातला सरकारी शिक्षण कर १९६२च्या कायद्यानुसार लागतो. महापालिका तो फक्त गोळा करते. पैसे जातात राज्याच्या तिजोरीत. प्राप्तिकरावरचा ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर तर केंद्राकडेच राहतो, त्यात राज्यांना वाटा नाही. म्हणजे आपण दोनदा भरतो आणि गल्लीतल्या शाळेला थेट काहीच पोचत नाही.

राज्याचं शिक्षणाचं बजेट मोठं दिसतं खरं, पण बहुतेक सगळं पगारात संपतं. (पगार द्यायलाच हवेत, त्याबद्दल तक्रार नाही.) प्रश्न उरलेल्याचा आहे. मी हवेली तालुक्यातल्या एका छोट्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होतो. ‘समग्र शिक्षा’ या केंद्राच्या शालेय योजनेतून शाळेच्या किरकोळ खर्चाला मिळणारं संयुक्त अनुदान १०१ ते २५० पटाला वर्षाला ५० हजार. २०० मुलं धरा, डोक्यामागे अडीचशे रुपये! त्यातच खडू, दुरुस्ती, वीजबिल, आणि किमान १० टक्के स्वच्छतेवर. आमच्याकडे एकदा ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आलं, वर ३१च्या आत खर्चून पावत्या द्या म्हणे. तोवर मीटर कापायची नोटीस येऊन गेली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी बिल स्वतःच्या खिशातून भरलं होतं.

देशाच्या उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, ही कोठारी शिक्षण आयोगाची शिफारस १९६६ पासून ऐकतोय, २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तेच. ते होईल तेव्हा होवो. निदान आहे ते अनुदान जूनमध्ये द्या की राव.