गणेशोत्सवात कमरेला उघड पिस्तूल: लोकांच्या प्रतिक्रिया काय असतात? (टेक्सास)

केटीकर:
आमच्या ह्यूस्टन परिसरातील मंडळाचा गणेशोत्सव यंदा भाड्याच्या सभागृहात व्हायचा आहे. मंडळाचे एक जुने सभासद, जे आता अमेरिकन नागरिक आहेत, सर्वांच्या सुरक्षेसाठी म्हणून कमरेच्या होल्स्टरमध्ये पिस्तूल उघडपणे लावून येण्याचे म्हणत आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. कायद्याची परवानगी आहे हे ठाऊक आहे; पण लहान मुले घेऊन आलेले पालक आणि भारतातून आलेले आजी-आजोबा यांना ते पाहून काय वाटेल? ज्यांनी असे प्रसंग पाहिले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

ऑस्टिनवासी:
लोक बहुधा काहीच बोलत नाहीत, आणि त्यामुळेच पिस्तूल लावणाऱ्याचा समज होतो की कोणाला काही वाटले नाही. किराणा दुकानात मी पाहिले आहे: एका बाईंची नजर पिस्तुलाच्या मुठीवर पडली, त्यांनी मुलाचा हात धरला आणि ट्रॉली वळवून त्या दुसऱ्या रांगेत गेल्या, त्या गृहस्थांना ते कळलेही नाही. टेक्सासमध्ये १८७१ पासून असलेली बंदी उठून १ जानेवारी २०१६ पासून परवानाधारकांना पिस्तूल उघडपणे बाळगता येऊ लागले, आणि २०२१ पासून बहुतेक प्रौढांना परवान्याचीही गरज उरली नाही. तरीही व्हॉटाबर्गरसारख्या अस्सल टेक्सन उपाहारगृहाने २०१५ मध्येच, ग्राहक व कर्मचारी अस्वस्थ होतात या कारणाने, आमच्याकडे उघड शस्त्र नको असे जाहीर केले होते. एल पासो शहरातील वॉलमार्टमध्ये झालेल्या गोळीबारानंतर २०१९ मध्ये वॉलमार्टनेही ग्राहकांना तशीच विनंती केली.

सॅन_अँटोनियो_७८:
मी स्वतः परवानाधारक आहे आणि पिस्तूल शर्टाखाली झाकूनच बाळगतो. उघड पिस्तुलामुळे हल्लेखोराला पहिले लक्ष्य कोण हे आयते कळते, आणि गर्दीत कोणी मागून हिसका मारला तर ते सांभाळणे अवघड असते; आरतीच्या गर्दीत तर फारच. मात्र सगळीकडे लोक घाबरतात असे नाही. शिकारीच्या हंगामात लहान गावांत कोणी वळूनही पाहत नाही.

शिवाय शस्त्र कोणाच्या कमरेला आहे यावरही प्रतिक्रिया ठरते, हे आपण विसरू नये. मे १९६७ मध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते उघड बंदुका घेऊन कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो येथील विधानभवनात शिरले आणि त्याच वर्षी गव्हर्नर रेगन यांनी भरलेले शस्त्र सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली. विधेयक आधीच मांडलेले होते, पण त्या दृश्याने त्याला गती मिळाली. सावळ्या वर्णाचा अनोळखी माणूस पिस्तूल लावून उभा आहे असा फोन पोलिसांना गेला, तर येणारा अधिकारी काय गृहीत धरून येईल याचा विचार त्या सभासदांनीही करावा.

डॅलसची_मावशी:
व्यवहाराचे सांगते. उघड पिस्तूल घेऊन आत येण्यास मनाई करणारी टेक्सास दंडसंहितेच्या ३०.०७ कलमाची पाटी प्रत्येक प्रवेशद्वारावर ठळक दिसेल अशी, इंग्रजी व स्पॅनिश दोन्ही भाषांत, किमान एक इंच उंचीच्या अक्षरांत लावावी लागते. तोंडी सांगितलेलेही कायद्याला चालते, आणि सांगूनही न जाणाऱ्यावर अधिक गंभीर गुन्हा लागतो. दुसरे म्हणजे, आपल्याकडची एच-१बी व्हिसावरची मुले "बघू जरा" म्हणून पिस्तूल हातात घेतील, फोटो काढतील. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्यांना शस्त्र बाळगण्यास केंद्रीय कायद्याने मनाई आहे, तेव्हा तो क्षणभराचा उत्साह व्हिसावर बेतू शकतो. माझ्या मते पाटीच्या आधी अध्यक्षांनी त्या गृहस्थांच्या घरी जाऊन शांतपणे बोलावे, कारण त्यांना सुरक्षेची काळजी आहे आणि ती रास्त आहे.

केटीकर:
सर्वांचे मनापासून आभार. व्हिसाचा मुद्दा बैठकीत कोणाच्याच लक्षात आला नव्हता. अध्यक्ष रविवारी त्यांना भेटणार आहेत. पाटीबाबत सभागृहाच्या मालकांना पत्र पाठवले असून, दोन्ही दिवस दारावर गणवेशातील सुरक्षारक्षक नेमण्याचा खर्च वर्गणीतून करता येईल का, हे खजिनदार पाहत आहेत.