मदत हवी आहे: बोंडअळीसाठी गंधाची पेस्ट कोणी लावली का?

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात आमची 4 एकर कोरडवाहू पऱ्हाटी (कापूस) आहे. बोंडअळीला मारणारी दोन जनुकं घातलेलं बीटी बियाणं 2006 मध्ये आलं, पण गुलाबी बोंडअळी त्यालाही जुमानत नाही, हे 2017 साली आपण पाहिलंच. कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगाला ओढणाऱ्या) सलग 3 दिवस रोज या अळीचे 8 पतंग सापडले की फवारायचं, एवढं ठाऊक आहे.

आता वाचलं की मादीच्या गंधाची पेस्ट झाडांना लावली तर नर भांबावतो, मिलनच होत नाही. पण धुऱ्यापलीकडच्या वावरात कोणी लावली नाही, तर तिकडून मिलन झालेल्या माद्या येऊन अंडी घालणारच ना? एवढ्याशा तुकड्यात खर्च निघतो का? पेस्ट पात्या (फुलकळ्या) लागताना लावायची की आधी? बाबा तर म्हणतात, "पतंगाले फसवून कापूस येते का रे?"