बेलर विद्यापीठाचे 22 देशांतील संशोधन: संस्थेच्या धर्मनिष्ठेमुळे ते कमी विश्वासार्ह ठरते का?

नदीकाठ (धागाकर्ता)

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील वेको येथील बेलर हे 1845 मध्ये स्थापन झालेले, ख्रिस्ती धर्मातील बाप्टिस्ट पंथाचे विद्यापीठ आहे. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकी विद्यापीठांच्या कार्नेगी वर्गीकरणात त्याला 'आर-1' हा संशोधनाचा सर्वोच्च दर्जा मिळाला. तेथील प्राध्यापकांच्या अलीकडच्या कामांपैकी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते 'ग्लोबल फ्लरिशिंग स्टडी'. बेलरचे बायरन जॉन्सन आणि हार्वर्डचे टायलर व्हॅंडरवील यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासात भारतासह 22 देशांतील 2 लाखांहून अधिक माणसांना आनंद, आरोग्य, जीवनाचा हेतू, चारित्र्य, नातेसंबंध आणि आर्थिक स्थैर्य यांविषयी प्रश्न विचारले गेले, आणि त्याच माणसांकडे पाच वर्षे दरवर्षी परत जाण्याची योजना आहे. पहिल्या फेरीचे निष्कर्ष एप्रिल 2025 मध्ये 'नेचर मेंटल हेल्थ' या नियतकालिकात आले. इंडोनेशिया सर्वांत वर होता, जपान सर्वांत खाली. अनेक देशांत तरुणांची स्थिती वडीलधाऱ्यांपेक्षा वाईट दिसली, आणि सामुदायिक उपासनेला नियमित जाणाऱ्यांचे गुण बहुतेक ठिकाणी अधिक भरले.

हा शेवटचा निष्कर्ष वाचताच, ख्रिस्ती विद्यापीठ दुसरे काय सांगणार, असे म्हणून पूर्ण अभ्यास बाजूला सारला जातो. मला ही पद्धत अन्यायाची वाटते. संशोधक कोणत्या देवळात जातो यावरून नव्हे, तर त्याने आपले काम तपासणीसाठी किती उघडे ठेवले यावरून त्याची पारख व्हावी.

उंबरठा

आपल्या शेवटच्या वाक्याशी मी तत्त्वतः सहमत आहे, परंतु ते पुरेसे नाही. पूर्वग्रह आकडेमोडीत शिरण्याच्या कितीतरी आधी, कोणता प्रश्न विचारायचा आणि त्यासाठी पैसा कोठून आणायचा या निवडीत तो शिरलेला असतो. या अभ्यासाचे 4 कोटी 34 लाख डॉलर जमा करण्यात धर्म आणि अध्यात्म यांच्या अभ्यासाला दीर्घकाळ पाठबळ देणाऱ्या टेम्पल्टन संस्थांचा मोठा वाटा आहे. आकडे प्रामाणिक असतील, हे मी मान्य करतो. पण श्रद्धेचा लाभ किती हा प्रश्न इतक्या मोठ्या प्रमाणावर विचारला जातो आणि श्रद्धेच्या दडपणामुळे झालेली हानी किती, हा प्रश्न तेवढ्याच खर्चाने विचारला जात नाही, हा असमतोल कोणत्याही खुल्या माहितीसंचाने भरून निघत नाही.

आकडेमोड

पद्धतीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण चर्चेत नेमका हाच भाग निसटतो. मुलाखतींचे क्षेत्रकाम गॅलप या सर्वेक्षण संस्थेने केले. माहिती जपणे आणि वितरित करणे हे काम सेंटर फॉर ओपन सायन्स या तिसऱ्याच संस्थेकडे आहे. सुरुवातीला ही माहिती हवी असणाऱ्या संशोधकाला आपले विश्लेषण कसे करणार हे आधी नोंदवावे लागे. त्यामुळे आकडे पाहून सोयीचा सिद्धान्त मागाहून बेतण्याला आळा बसतो. पुढे हा संच सर्वांसाठी खुला झाला. ज्याला बेलरवर विश्वास नाही त्याला बेलरची परवानगी न घेता तेच गणित पुन्हा मांडता येते.

तथापि, पहिली फेरी ही एका वेळची नोंद आहे. जे लोक आधीच निरोगी आणि माणसांत मिसळणारे असतात तेच उपासनेला अधिक जात असतील, ही शक्यता त्यातून पूर्णपणे दूर होत नाही. त्याच व्यक्तींच्या पुढच्या फेऱ्या हाती आल्या की याविषयी अधिक ठामपणे बोलता येईल.

चंद्रभागा

माझा आक्षेप वेगळा आहे. आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एकत्र जमणे हा चर्चच्या धर्मजीवनाचा कणा आहे. महाराष्ट्रातील हिंदू घरात रोजची पूजा देवघरात होते, सामुदायिक भक्ती सप्ताहात, उत्सवात आणि आषाढीच्या वारीत प्रकट होते, आणि वर्षभर देवळाची पायरी न चढणारा वारकरी घरी नित्यनेमाने हरिपाठ म्हणत असतो. उपस्थितीच्या वारंवारतेवर धार्मिकता मोजली की अशा माणसाचे स्थान कोठे लागते? म्हणून भारतासंबंधीचा आकडा मी फार जपून वाचेन.

घाटमाथा

धर्मसंस्थेतील विद्वत्तेचे उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर हेरास यांनी 1926 मध्ये भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था उभारली. तेथीलच फादर सांतापाऊ यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास केला, पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे संचालक झाले आणि 1967 मध्ये पद्मश्रीचे मानकरी ठरले. त्यांच्या कामाकडे कोणीही जेझुइटांचे, म्हणजे त्यांच्या कॅथलिक धर्मसंघाचे, वनस्पतिशास्त्र म्हणून पाहत नाही. मला आणखी एक सांगावेसे वाटते: ब्लॅटर हर्बेरियम या तेथील वनस्पतिसंग्रहातील नमुने ज्यांनी वर्षानुवर्षे वाळवले, चिकटवले, कीड लागू दिली नाही, त्या कर्मचाऱ्यांशिवाय यातले काहीच टिकले नसते, आणि विद्यापीठांच्या गौरवयाद्यांत अशी माणसे क्वचितच दिसतात. बेलरच्या अभ्यासातही मुलाखतकार, भाषांतरकार आणि माहिती-व्यवस्थापक यांचे श्रम तितकेच मोलाचे आहेत.

उंबरठा

कर्मचाऱ्यांविषयीचे आपले म्हणणे मनापासून पटले. सांतापाऊंचे उदाहरण मात्र येथे लागू पडत नाही. खंडाळ्याच्या कारवीला जेझुइटांच्या श्रद्धेशी काही देणेघेणे नव्हते. येथे संस्थेची श्रद्धा हाच अभ्यासाचा विषय आहे.

याच बेलरमध्ये जुलै 2025 मध्ये काय घडले ते पाहा. समाजकार्य विभागातील एका केंद्राला बॉ फाउंडेशनने सुमारे 6 लाख 43 हजार डॉलरचे अनुदान दिले होते. समलिंगी आणि अन्य लैंगिक अल्पसंख्य व्यक्ती, तसेच स्त्रिया, यांना चर्चमध्ये कसे वगळले जाते याचा अभ्यास त्यातून व्हायचा होता. घोषणेनंतर टीका झाली आणि विद्यापीठाने ते अनुदान परत केले. हानीचा प्रश्न विचारू पाहणाऱ्या प्राध्यापकांच्या हातून तो असा निसटला. मी वर म्हटलेला असमतोल हाच.

आकडेमोड

नोंदीच्या पूर्णतेसाठी: विद्यापीठाच्या अध्यक्ष लिंडा लिव्हिंगस्टोन यांचे म्हणणे असे होते की आक्षेप संशोधनाला नसून, लैंगिकतेविषयीच्या विद्यापीठाच्या अधिकृत धोरणाशी विसंगत अशा भूमिकेचा पुरस्कार करणाऱ्या उपक्रमांना होता.

नदीकाठ (धागाकर्ता)

तो खुलासा मला अपुरा वाटतो. उपक्रमांवर आक्षेप होता, तर ते वेगळे काढून अभ्यास पुढे नेण्याचा मार्ग शोधता आला असता. त्या प्राध्यापकांवर अन्याय झाला, असेच माझे मत आहे.

मात्र त्यावरून ग्लोबल फ्लरिशिंग स्टडीला कमी लेखणे मला मान्य नाही. त्या अनुदानाचा निर्णय प्रशासनाने घेतला. हा अभ्यास प्राध्यापकांनी हार्वर्डच्या सहकाऱ्यांसह उभा केला आणि संशयी वाचकाच्या हाती त्याचे सर्व आकडे दिले. चंद्रभागा यांचा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि तो तपासण्याची सोयही त्याच माहितीत असावी: उपस्थितीखेरीज प्रार्थना आणि व्यक्तिगत श्रद्धा यांविषयीचे प्रश्नही त्या प्रश्नावलीत आहेत. पुणे किंवा मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्राच्या एखाद्या संशोधकाने भारताचा भाग वेगळा काढून, उपस्थितीऐवजी नित्य प्रार्थनेचा निकष लावून हे गणित मांडले, तर निष्कर्ष टिकतो की बदलतो हे कळेल.

चंद्रभागा

तसे कोणी करणार असेल, तर ग्रामीण आणि शहरी उत्तरे स्वतंत्र ठेवावीत, आणि स्त्रियांची उत्तरेही निराळी पाहावीत. घरातील देवपूजेचा, व्रतवैकल्यांचा बहुतेक भार त्यांच्यावर असतो, आणि तो भार त्यांना सुख देतो की थकवतो हे उपस्थितीच्या आकड्यातून कधीच समजणार नाही.