मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन पिरानला निवांत आठवडा

नमस्कार मंडळी,
सप्टेंबरात आई-बाबा म्युनिकला आमच्याकडे येताहेत. त्यांना घेऊन गाडीने स्लोव्हेनियातल्या पिरानला जायचा विचार आहे. रोज नवं गाव, रोज बॅगा भरा, असली धावपळ नकोच. सकाळी कॉफी, दुपारी झोप, संध्याकाळी तार्तिनी चौकात बसून लोक बघायचे, बस्स.

अडलंय ते राहण्यापाशी. जुन्या गावात बाहेरच्यांना गाडी नेता येत नाही, 'फोर्नाचे' नावाच्या पार्किंगमध्ये लावून पुढे बस. शिवाय तिथली घरं उंच, जिने अरुंद, आणि आईचे गुडघे बोलतात. मग शेजारच्या पोर्तोरोझला लिफ्टवालं हॉटेल घ्यावं का? तिथे समुद्राकाठी वाळूही आहे. पिरानला काँक्रीटच्या कट्ट्यावरून थेट पाण्यात. पण पोर्तोरोझ फोटोत फारच हॉटेली दिसतं.

बाबा मूळचे उरणचे, त्यामुळे सेचोव्ल्येची मिठागरं बघायचीच आहेत. तिथे उन्हात किती चालावं लागतं? आणि आई मासे खात नाही. पिझ्झा-पास्त्यापलीकडे काही मिळेल, की स्वयंपाकघरवालं घरच बघू?

ऑस्ट्रिया-स्लोव्हेनियाचे विन्येट (महामार्गाचे पास) आणि टाउर्न, कारावांकेन बोगद्यांचा वेगळा टोल ठाऊक आहे. ज्येष्ठांना घेऊन कुणी राहून आलं असेल तर जरूर सांगा.