टॅब की स्पेस? तुमच्या सवयी सांगा (अनुभव धागा)

काल भाच्याचा पायथन या संगणकभाषेतला प्रोग्रॅम बघत होते. काही ओळी टॅबने आत ढकललेल्या, काही स्पेसने. पायथन ३ ने टॅबएरर (टॅब-स्पेसची सरमिसळ झाल्याची तक्रार) देऊन हात वर केले. एकदम कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला टायपिंगचा क्लास आठवला. परिच्छेद सुरू करताना ५ स्पेस, समास जरा वाकडा दिसला की सर पान परत करायचे. अंगठा तेव्हापासून स्पेसबारवरच. तुमचं काय? कोडच पाहिजे असं नाही, अर्ज, पत्रिका काहीही चालेल.

शाहूपुरीकर: टॅब. विषय संपला. ज्याला टॅब जेवढा रुंद बघायचाय तेवढा त्यानं बघावा. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) टॅब ८ अक्षरांएवढा असतोय.

चार_स्पेस: भावा, पायथनच्या पेप ८ ह्या कोड लिहायच्या नियमावलीत ४ स्पेस सांगितल्यात, वाच की जरा.

शाहूपुरीकर: आणि गो भाषा? तिथं गोएफएमटी हे कोड नीट लावून देणारं टूल गप टॅब टाकून मोकळं. भांडायला जागाच न्हाई.

सर्व्हरवाला: मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम बांधायच्या आज्ञांची फाइल) आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, यामलमध्ये (सेटिंग लिहायची फाइल) ओळ आत ढकलायला टॅब चालतच नाही. माझ्याकडं दोन्ही फाइली दिवसभर शेजारी शेजारी उघड्या. जेवायला हाक आली, उरलेलं नंतर

पत्रिकावाली: आमच्याकडे गिऱ्हाईक वर्डमध्ये मजकूर पाठवतं. नाव मधोमध आणायला स्पेसबार दाबत बसलेले असतात! फॉन्ट बदलला की नवरदेव डावीकडं सरकतो आणि नवरी खालच्या ओळीत. 'चि.' वर नि नाव खाली गेलं तर मुलाकडचे फोनवर फोन. तिथं मी न तुटणारी स्पेस टाकते, म्हणजे दोन्ही एकाच ओळीत राहतात.

चार_स्पेस: नवरी खालच्या ओळीत 😂😂

निवृत्त_बाई: 'घरा साठी', 'त्या मुळे' असं तोडून कोण लिहायला लावतं रे तुम्हाला? शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं. आणि प्रश्नचिन्हाआधी जागा सोडू नका, ते बिचारं एकटंच पुढच्या ओळीवर जाऊन बसतं.

सर्व्हरवाला: बाई, फोनचा कीबोर्ड 'घरा' सुचवतोय आणि आपणहून स्पेस टाकतोय वो. आम्ही काय करणार.

मिसळप्रेमी: राजारामपुरी कितवी गल्ली? खाली मिसळ मिळायची तोच क्लास काय?

स्पर्शाक्षर: मला दिसत नाही, ब्रेल डिस्प्लेवर (बोटांनी वाचायची ठिपक्यांची पट्टी, एका घरात एक अक्षर) कोड वाचतो. माझ्याकडचा ४० घरांचा आहे. तीन पायऱ्या आत गेलेल्या ओळीत ४-४ स्पेस म्हणजे १२ घरं नुसती रिकामी, बोटं फिरवत बसायचं. टॅब असला तर तीनच घरं जातात. तुमच्या आवडीनिवडी चालू द्या, माझा हिशोब हा असा आहे.

चार_स्पेस: हे कधी डोक्यातच आलं नव्हतं दादा. आमच्या टीममध्ये विषय काढतो उद्या. पण ब्रेल नसताना नुसतं ऐकताना कसं कळतं?

स्पर्शाक्षर: एनव्हीडीए या स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग आहे, ओळ किती आत आहे ते बोलून सांगतं. नाहीतर सूर लावतं. जितकं आत तितका सूर चढा.

शाहूपुरीकर: मग आमच्या हापिसातला जुना कोड ऐकू नका, कानठळ्या बसतील.

मिसळप्रेमी: गल्ली सांगा की वो कुणीतरी