हॉटेलातलं नक्की काय बाधतं?

वाघबीळची_वहिनी
नमस्कार मंडळी. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, इकडे सारखं कुठलं ना कुठलं नवीन हॉटेल उघडत असतं त्यामुळे रविवारी रात्री गॅस पेटवायचाच नाही असं होऊन बसलंय. मागच्या रविवारी असेच सगळे गेलो होतो, नाव घेत नाही, पण चांगलं एसी हॉटेल, वेटर हातमोजे घालून, बाथरूम चकाचक. सव्वानऊला जेवलो आणि बाराच्या सुमारास माझे दीर आणि माझा मुलगा, दोघांना एकदम उलट्या सुरू. ताप नाही, जुलाब नाही, सकाळपर्यंत दोघंही ठणठणीत. बाकी कुणाला काहीच नाही.
आता घरात पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात पाणी, मिस्टर म्हणतात पनीर शिळं होतं, आणि जाऊबाईंनी मेन्यूकार्डवर किती जंतू असतात याचं कुठलंतरी रील बघितलंय, त्या आता पर्समधून वाइप्स काढून चमचे काय, टेबल काय, बिसलेरीचं झाकण पण पुसतात. मला एवढंच विचारायचंय की जे दिसतच नाही ते टेबलावर बसल्या बसल्या ओळखायचं कसं? काय बघावं?

तलावपाळी_रिटर्न्स
वहिनी एवढा विचार करायचा तर घरीच पिठलंभात बरा. आम्ही लहानपणापासून तलावपाळीवर भेळ, शेवपुरी, गोळा सगळं हाणलंय, काही झालं नाही. पोटाला सवय पाहिजे. आजकालची पोरं आरओचं पाणी पिऊन नाजूक झालीत.

नेरूळ_लॅब
@तलावपाळी दादा, टायफॉइडला तुमची सवय विचारत नाही कुणी. पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे रिपोर्टची रांग बघायला या एकदा.
वहिनी, त्या दोघांनी असं काय खाल्लं जे बाकीच्यांनी खाल्लं नाही? पनीर तर सगळ्यांनीच खाल्लं असेल ना?

वाघबीळची_वहिनी
हो पनीर सगळ्यांनी खाल्लं, पाणी पण सगळे बाटलीचंच प्यायलो. त्या दोघांनी ट्रिपल शेजवान राइस शेअर केला होता, आम्ही बाकीचे रोटीवाले.

नेरूळ_लॅब
मग माझा पहिला संशय भातावर. टेस्ट केल्याशिवाय छातीठोक कुणीच सांगू शकत नाही, पण तीन तासात उलट्या, ताप नाही आणि सकाळी माणूस बरा, हे बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूच्या लक्षणांशी जुळतं. कच्च्या तांदळात याचे बीजाणू, म्हणजे टणक कवचात झोपलेले जंतू, बऱ्याचदा असतातच, तुमच्या आमच्या घरच्या डब्यातल्या पण. भात शिजवला तरी ते मरत नाहीत. शिजलेला भात ताबडतोब गार करून फ्रिजमध्ये गेला तर प्रश्न नाही, पण दुपारी मोठ्या टोपात शिजवून तसाच ओट्यावर ठेवला की ते जागे होतात, वाढतात आणि भातात विष सोडतात. आणि खरी गोम पुढेच आहे, हे विष उष्णतेला दाद देत नाही. रात्री आचाऱ्याने भट्टीवर कितीही जाळ करून राइस परतला तरी जंतू मरतील, विष तिथेच. भाताला वास येत नाही, चव बदलत नाही, वर शेजवान सॉस असला की कळणार तरी काय.
दुसरा तसाच जंतू म्हणजे स्टॅफ, पूर्ण नाव स्टॅफिलोकोकस. हा आपल्या नाकात, त्वचेवर असतो, बोटाला पिकलेली जखम असेल तर भरपूर. शिजवलेल्या पदार्थाला असा हात लागला आणि तो पदार्थ बाहेर राहिला की तोही विष करून ठेवतो, तेही गरम करून जात नाही. अर्ध्या तासापासून सात-आठ तासात उलट्या.
आणि एक, पोट बिघडलं की आपण शेवटच्या हॉटेलवर खापर फोडतो ते दरवेळी खरं नसतं. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसला साधारण १२ ते ४८ तास लागतात. साल्मोनेला हा जंतू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही. टायफॉइड एक ते तीन आठवड्यांनी, आणि ए प्रकारची कावीळ तर सरासरी महिनाभराने दिसते, तेव्हा कुठलं सरबत कुठे प्यायलो हे कोणाला आठवतंय.
जाऊबाईंना सांगा मेन्यूकार्ड पुसण्यापेक्षा ऑर्डर दिल्यावर उठून साबणाने हात धुवा. नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

फडका_आणि_मी
वाशीत बरीच वर्ष हॉटेल लाइनमध्ये काढली, आधी हेल्पर मग किचन बघायचो, आता स्वतःचं छोटं टिफिनचं काम आहे. ताईंनी भाताचं बरोबर सांगितलं. दुपारचं सर्व्हिस संपलं की रात्रीची तयारी सुरू होते, भात उकडून ठेवायचा, बटाटे उकडायचे, बेस ग्रेव्ही, चटण्या, कांदा कापायचा. चांगल्या किचनमध्ये भात पसरट ट्रेमध्ये पातळ पसरून गार करतात आणि लगेच आत टाकतात. जिथे फ्रिजमध्ये जागा नाही तिथे तो टोपातच राहतो. ५ ते ६० डिग्रीच्या मध्ये अन्न रेंगाळलं की जंतूंची चंगळ, हे ट्रेनिंगला पहिल्याच दिवशी सांगतात आणि शनिवारी रात्री गर्दी आली की पहिलं तेच विसरतात.
वहिनी तुम्ही विचारलं काय बघावं, तर मी स्वतः काय बघतो ते सांगतो. बाथरूम चकाचक आहे का ते मी बघत नाही, ते साफ करणारा माणूस वेगळा असतो. तिथे साबण आहे का एवढं बघतो, कारण बऱ्याच ठिकाणी वेटरलोक पण तिथेच हात धुतात. मग टेबल पुसणारा पोऱ्या. तोच ओला फडका, त्यानेच टेबल, त्यानेच खुर्ची, त्यानेच ताटाची कड, आणि मग खांद्यावर. बाहेर उघड्यावर हे चाललंय तर आत चॉपिंग बोर्ड कसा धुतात याचा अंदाज घ्या. चिकन कापलेल्या बोर्डावरच काकडी कापली की संपलं, चिकन नंतर शिजतं, काकडी नाही शिजत.
हातमोज्यांवर अजिबात भुलू नका. त्याच मोज्याने पैसे घेतो, मोबाइल उचलतो, केस मागे घेतो आणि मग तुमची रोटी. मोज्याने त्याचा हात स्वच्छ राहतो, तुमचं जेवण नाही. बिनमोज्याचा पण सारखा हात धुणारा माणूस कधीही चांगला.
मी गरम आणि माझ्यासमोर उकळलेलं तेवढं बिनधास्त खातो. ठाण्याच्या मामलेदार मिसळसारख्या ठिकाणी कट सारखा उकळत असतो आणि गर्दीमुळे माल पडून राहत नाही, तिथे मला भीती नाही वाटत. कढईतून थेट कागदावर आलेला वडा पण चालतो, त्याच्याबरोबरची ओली हिरवी चटणी नाही, ती कधी वाटली आणि कुठल्या पाण्याने हे विचारायची सोय नसते. रायतं, कापलेला कांदा, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, चिरून ठेवलेलं फळ, हे सगळं हाताळलं जातं आणि नंतर आगीवर जात नाही. लिंबू पिळलं की जंतू मरतात म्हणणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.
पाण्याचं म्हणाल तर आमच्या नवी मुंबईत मोरबे धरणाचं पाणी नळाला चांगलंच येतं, पुढे हॉटेलची टाकी शेवटची कधी धुतली हा प्रश्न आहे. बर्फाचं एक लक्षात ठेवा, २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगाचा करायचा नियम आहे, सरबताच्या गाडीवर निळी झाक असलेली लादी दिसली तर पुढे चला.

तलावपाळी_रिटर्न्स
बरं बाबा, गोळा बंद. वडा चटणीशिवाय मात्र जमणार नाही, माफ करा.

वाघबीळची_वहिनी
@फडका दादा खूप छान लिहिलंत, मिस्टरांना वाचून दाखवलं, ते पनीरवरून हटायला तयार नाहीत. बरं ती बिलाबरोबर येणारी बडीशेपेची वाटी? आणि तक्रार करायची झाली तर कुठे, आता आठवडा झाला, काही उपयोग आहे का?

कोपरी_पूल
बडीशेपेत चमचा असेल तर घ्या, नाहीतर आधीच्या टेबलावरच्या सगळ्यांची बोटं त्यात जाऊन आलेली असतात.
तक्रारीचं सांगतो, माझा या विषयाशी कामानिमित्त संबंध येतो. हॉटेलं तपासायचं काम राज्याच्या एफडीएचं, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचं, अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, त्यात अन्न सुरक्षा अधिकारी येऊन किचन बघतात, नमुने घेतात. टोल फ्री १८०० २२२ ३६५, नाहीतर एफएसएसएआयचं, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं, फूड सेफ्टी कनेक्ट अॅप. बिल शोधा, १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ आकडी एफएसएसएआय नंबर छापणं बंधनकारक आहे, तो टाका, तारीख, वेळ, काय खाल्लं, किती जणांना किती वाजता त्रास झाला एवढंच सरळ लिहा. आठवड्यानंतर तो भात काही सापडणार नाही हे उघड आहे, पण किचनची तपासणी होऊ शकते. तिथे हात लावणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा मेडिकल तपासणी व्हायला हवी आणि टायफॉइडची लस पण, ते कागद मागितले की बरेच मालक घामाघूम होतात.
पुढच्या वेळी कुणाला झालं तर डॉक्टरकडे जाताना उरलेलं पार्सल फेकू नका, डबा बंद करून फ्रिजमध्ये ठेवा.

वाघबीळची_वहिनी
बिल नाहीये पण जीपेवर तारीख वेळ सगळं आहे, त्यावर चालेल का?

कोपरी_पूल
चालेल. हॉटेलचं नाव पत्ता नीट द्या, बाहेरून पाटीचा फोटो काढलात तर अजून बरं. लायसन्स दर्शनी भागात लावायचं असतं, नंबर तिथूनही मिळेल.

फडका_आणि_मी
आणि फोटो काढायला गेलात की आत जाऊन जेवू नका वहिनी, घोडबंदरकरांचा भरवसा नाही.